उजेडाची आठवण ठेवणारे पदार्थ

जुलै महिन्यात दादर-परळ भागात पावसाची जोरदार सर येऊन गेली, की हिंदमाता चौकात काय होते हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूच्या रस्त्यांवरचे पाणी उताराने येथे येऊन साचते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या होत्या. पुढे त्यांची क्षमता वाढवण्याचे काम झाले. पण पाऊस त्याहून जोरात कोसळला, आणि त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असली, तर पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. पाऊस थांबतो, ऊनही पडते, आणि तरी कापडाच्या दुकानांपुढे पाणी तसेच उभे असते.

अशा वेळी बाहेरगावाहून कोणी माणूस तेथे आला, तर त्याने पाऊस पाहिलेला नसला तरी पाण्याकडे बघून तो सांगू शकेल, की नुकतीच मोठी सर येऊन गेली आहे. पाण्याची पातळी म्हणजे होऊन गेलेल्या पावसाची नोंदच होय. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दहा मिनिटांची एकच सर आली तर घोटाभर पाणी साचेल आणि ओसरेल. पण ते ओसरण्यापूर्वीच तेवढीच दुसरी सर आली, तर पाणी गुडघ्याला लागते. दोन्ही सरी सारख्याच, परिणाम मात्र वेगळा; कारण दुसऱ्या सरीच्या वेळी रस्ता पहिली सर ‘विसरलेला’ नव्हता.

एखाद्या वस्तूची आत्ताची अवस्था फक्त आत्ताच्या कारणांवर अवलंबून नसून आधी काय घडले त्यावरही अवलंबून असेल, तर त्या वस्तूला स्मृती आहे असे भौतिकशास्त्राच्या भाषेत म्हणता येते. या लेखात आपण अशा पदार्थांची ओळख करून घेणार आहोत, की ज्यांच्यावर पावसाऐवजी प्रकाश पडतो, पाण्याच्या पातळीऐवजी ज्यांची विद्युत्‌वाहकता वाढते, आणि प्रकाश बंद झाल्यावरही ती लगेच खाली येत नाही. मेंदूच्या धर्तीवर चालणारे संगणक बनवू पाहणाऱ्या संशोधकांना गेल्या काही वर्षांत या पदार्थांमध्ये फार रस वाटू लागला आहे.

इलेक्ट्रॉनला घरी परतायला उशीर का होतो?

प्रकाशामुळे पदार्थाची वाहकता वाढते हे प्रथम लक्षात आले ते १८७३ साली. विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करीत होते. त्यासाठी मोठा विद्युत्‌रोध हवा म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण त्यांचा रोध स्थिर राहीना. कांड्यांवर उजेड पडला की रोध कमी होई, झाकण लावले की पुन्हा वाढे.

याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. सेलेनियम, कॅडमियम सल्फाइड, झिंक ऑक्साइड यांसारख्या अर्धवाहकांमध्ये बहुतेक इलेक्ट्रॉन अणूंमधील बंधांत अडकलेले असतात. ते वीज वाहून नेऊ शकत नाहीत. त्यांना मोकळे करण्यासाठी ठरावीक किमान ऊर्जा द्यावी लागते. ती कॅडमियम सल्फाइडमध्ये सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये असते साधारण तेवढी आहे. झिंक ऑक्साइडला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणून तेथे अतिनील किरण लागतात. फोटॉनने इलेक्ट्रॉन मोकळा केला, की त्याच्या मूळ जागी एक रिकामी जागा राहते. तिला ‘पोकळी’ म्हणतात. मोकळा इलेक्ट्रॉन स्फटिकात फिरतो आणि वीज वाहते.

आता प्रकाश बंद केला तर इलेक्ट्रॉनने पोकळीत परत यायला हवे, आणि शुद्ध, निर्दोष स्फटिकात तो सेकंदाच्या फार लहान अंशात परततोही. पण खरे स्फटिक निर्दोष नसतात. कुठे एखादा अणू गायब असतो, कुठे परका अणू शिरलेला असतो. झिंक ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे काही अणू जागेवर नसतात. अशा रिकाम्या जागेपाशी दोन इलेक्ट्रॉन बसलेले असतात. प्रकाशामुळे ते निघून गेले, की भोवतालचे झिंकचे अणू थोडे दूर सरकतात. घरातील माणूस बाहेर पडल्यावर घरातल्यांनी सामान हलवून दाराशी रचून ठेवावे, तसे काहीसे होते. परत यायचे तर आता एक अडथळा ओलांडावा लागतो, आणि तेवढी उष्णताजन्य ऊर्जा योगायोगाने मिळेपर्यंत इलेक्ट्रॉन बाहेरच राहतो. हा काळ काही सेकंद, काही तास, क्वचित काही दिवसही असू शकतो. पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटलेला ऑक्सिजनही असाच उशीर घडवून आणतो.

या घटनेला आपण ‘रेंगाळणारी प्रकाशवाहकता’ म्हणू. १९७७ साली लँग आणि लोगन या दोन शास्त्रज्ञांनी, दोषाभोवतीचे अणू जागा बदलतात म्हणून हा अडथळा निर्माण होतो, असे तिचे स्पष्टीकरण मांडले. त्यांचा पदार्थ वेगळा होता, पण कल्पना आजही उपयोगी पडते.

हिंदमात्याच्या पाण्याशी याची तुलना करताना पाऊस म्हणजे प्रकाश, पाण्याची पातळी म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या, गटाराचे तोंड म्हणजे परतीची वाट, आणि भरती म्हणजे त्या वाटेवरचा अडथळा असे समजावे. २०२१ पासून महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कमध्ये आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या व पंप लावून पाणी तिकडे वळवण्याची सोय केली. पंपाचेही काम आपल्या उपकरणात आहे, त्याकडे पुढे येऊ. ही तुलना वर्गात जरूर वापरावी, पण तिची मर्यादाही सांगावी. पाणी वाहून समुद्रात जाते, ते आलेल्या ढगात परत जात नाही. इलेक्ट्रॉन मात्र ज्या जातीच्या जागेवरून निघाला तशाच जागी परततो. शिवाय गटारातून पाणी ठराविक वेगाने जाते, तर इलेक्ट्रॉनांचे परतणे हा निव्वळ संभाव्यतेचा खेळ आहे. म्हणूनच वाहकता आधी भराभर आणि मग अगदी सावकाश उतरते. शेपूट लांब राहते.

अनेक वर्षे या रेंगाळण्याकडे एक कटकट म्हणून पाहिले गेले, आणि ते योग्यच होते. प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने मागचा प्रकाश विसरला नाही, तर ते आत्ताचा प्रकाश काय मोजणार? २०१२ साली सॅमसंग व केंब्रिज येथील संशोधकांनी ऑक्साइड अर्धवाहकांपासून बनवलेल्या प्रकाशसंवेदकांवर काम करताना हे रेंगाळणे घालवण्याची युक्ती शोधली. उपकरणाला एक तिसरे टोक जोडायचे, आणि त्यावर क्षणभर धन व्होल्टेज द्यायचे. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका बाजूला गोळा होतात, दोषांना भेटतात आणि आठवण पुसली जाते. हाच आपला पंप. पुढे २०१७ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी त्याच जातीच्या पदार्थांतील तेच रेंगाळणे मेंदूसारखी उपकरणे बनवण्यासाठी वापरले. पाच वर्षांपूर्वी जो दोष म्हणून काढून टाकायचा होता, तो आता मुद्दाम राखून ठेवायचा ठरला. अशी उलटापालट विज्ञानात होते, पण इतक्या थोड्या काळात क्वचितच होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे पाहायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘एलडीआर’ या नावाने एक छोटी चकती मिळते. किंमत काही रुपये. तिच्यावरची नागमोडी पट्टी कॅडमियम सल्फाइडची असते. खोलीतील उजेडात तिचा रोध काही हजार ओहम असतो, तर पूर्ण अंधारात तो दहा लाख ओहमच्या, म्हणजे एका मेगोहमच्याही पुढे जातो. पण तेथे पोहोचायला वेळ लागतो. उत्पादकांच्या माहितीपत्रकात अंधारातील रोध हा ‘प्रकाश काढल्यानंतर १० सेकंदांनी’ मोजून दिलेला असतो. त्या दहा सेकंदांत आपला विषय दडलेला आहे.

एलडीआर मल्टिमीटरला जोडा. तो एखाद्या काळ्या डबीत बसवा. डबीला टॉर्चसाठी एक छिद्र ठेवा आणि ते झाकायला काळी चिकटपट्टी घ्या. मीटर २ मेगोहमच्या पट्ट्यावर ठेवा. दहा मिनिटे अंधारात ठेवल्यावर पाच सेकंद प्रकाश पाडा, छिद्र झाकून घड्याळ चालू करा, आणि मीटरवर डावीकडे नुसता ‘१’ दिसेपर्यंत, म्हणजे रोध २ मेगोहमपलीकडे जाईपर्यंत, किती वेळ लागतो ते पाहा. हा झाला ‘विसरण्याचा काळ’. काही एलडीआर तेथपर्यंत पोहोचतच नाहीत. तेव्हा ५०० किलोओहम असा एखादा आकडा ठरवून घ्यावा. मग प्रकाशाची तीव्रता बदला, पाच सेकंदांऐवजी अर्धा मिनिट प्रकाश पाडा, आणि विसरण्याचा काळ कसा बदलतो ते विद्यार्थ्यांना आलेखावर मांडू द्या. आलेखात रोधाऐवजी त्याचा व्यस्तांक घेतला तर वाहकता मिळते आणि उतार चांगला दिसतो.

दुसरा भाग जास्त मनोरंजक आहे. टॉर्चच्या काचेवर ट्रेसिंग पेपरच्या चार-सहा घड्या लावून प्रकाश अगदी मंद करा. एक सेकंदाचा एक झोत द्या व तो संपताना रोध किती होता ते लिहा. दोन सेकंद थांबून तसाच दुसरा झोत द्या आणि पुन्हा रोध लिहा. नंतर हाच प्रयोग दोन झोतांमध्ये दोन मिनिटे अंतर ठेवून करा. झोत जवळजवळ असतील तर दुसऱ्या वेळी रोध अधिक खाली गेलेला दिसावा. प्रकाश फार प्रखर असला तर हा फरक बुडून जातो. म्हणून ट्रेसिंग पेपरचा आळस करू नये.

एक सूचना. कॅडमियम विषारी आहे. एलडीआर फोडू, घासू किंवा जाळू नये, आणि तुटलेला एलडीआर मुलांच्या हाती देऊ नये.

स्मृती एकीकडे, गणित दुसरीकडे

आता प्रश्न असा, की या विसरभोळ्या पदार्थांचे संगणकात काय काम?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधला गेला. तो १९६० साली पूर्ण चालू झाला आणि पुढे त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० बिटांचा एक असे २,०४८ शब्द, म्हणजे सुमारे ८२ हजार बिट त्यात मावत. एका कड्यात एक बिट. ही स्मृती एका ठिकाणी, बेरीज-वजाबाकी करणारा भाग दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंमध्ये तारा, अशी रचना होती. तेव्हापासून कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपांनी घेतली, बिटांची संख्या अब्जावधींवर गेली, पण ही मूळ रचना बहुतांशी तीच राहिली आहे. प्रत्येक आकडा गोदामातून कारखान्यात आणायचा, काम झाले की परत गोदामात ठेवायचा.

या ने-आणीची किंमत किती? ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपांसाठीचे आकडे २०१४ साली स्टॅनफर्डचे मार्क हॉरोविट्झ यांनी मांडले. ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. (एक पिकोज्यूल म्हणजे ज्यूलच्या लाख कोटीव्या भागाएवढी ऊर्जा.) पण तेवढाच एक आकडा मुख्य स्मृतीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात. काम दहा पैशांचे आणि हमाली ६४० रुपयांची! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितांत असे आकडे अब्जावधी वेळा हलवावे लागतात. ऐरोली, महापे, चांदिवली येथे उभ्या राहिलेल्या माहितीकेंद्रांना जी वीज व जे थंडगार पाणी लागते, त्याचा मोठा वाटा या हमालीचा आहे.

उलट आपला मेंदू पाहा. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, आणि वीज म्हणाल तर अंदाजे २० वॉट, म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबएवढी. मेंदूत गोदाम वेगळे आणि कारखाना वेगळा असे नाही. दोन चेतापेशी जेथे एकमेकींना जवळजवळ टेकतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. एका पेशीचा संदेश दुसरीला किती जोरात पोहोचवायचा हे चेतासंधी ठरवते, आणि हा ‘जोर’ म्हणजेच आठवण असते. आठवण जेथे ठेवली तेथेच ती वापरली जाते.

हा जोर बदलत असतो. डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली अशी कल्पना मांडली, की एका पेशीच्या उत्तेजनामुळे दुसरी वारंवार उत्तेजित होत राहिली, तर त्यांच्यातील सांधा पक्का होत जातो. १९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत, वेगाने दिलेल्या स्पंदांनंतर सांध्याचा जोर तासन्‌तास वाढलेला राहतो असे प्रत्यक्ष दाखवले. थोडेसे उत्तेजन दिले तर जोर क्षणभर वाढून उतरतो. दोन स्पंद एकामागोमाग दिले तर दुसऱ्याला मोठा प्रतिसाद मिळतो. आणि पुनःपुन्हा दिले तर बदल टिकून राहतो. पाढे पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

आता हे वर्णन पुन्हा वाचा आणि ‘उत्तेजन’ या शब्दाच्या जागी ‘प्रकाशाचा झोत’, ‘जोर’ या शब्दाच्या जागी ‘वाहकता’ घाला. डबीतल्या एलडीआरने नेमके हेच केले होते. निर्जीव आणि सजीव पदार्थांच्या प्रतिसादातील असे साम्य जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडले होते. त्यांनी त्यातून काढलेले सर्वच निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत. पण प्रतिसादाच्या आलेखांची तुलना करण्याची त्यांची पद्धत पाहिली, की आजच्या शोधनिबंधांतील आकृत्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. साम्य आहे ते वागण्याचे, यंत्रणेचे नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. चेतासंधीत रसायने स्रवतात, प्रथिने बदलतात. स्फटिकात फक्त इलेक्ट्रॉन उशिरा घरी येतात.

खिडकी असलेली चिप

प्रकाश आणि संगणकाची स्मृती यांची गाठ मात्र नवी नाही. १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी ‘ईप्रॉम’ नावाची स्मृतिचिप तयार केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असे. माहिती विजेने लिहायची आणि पुसायची झाल्यास खिडकीतून अतिनील प्रकाश पाडायचा. पंधरा-वीस मिनिटांत पाटी कोरी. चारी बाजूंनी विद्युत्‌रोधकाने वेढलेल्या एका छोट्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन कोंडलेले असत आणि अतिनील फोटॉन त्यांना बाहेर उडी मारण्याइतकी ऊर्जा देत. थेट उन्हात साधारण एका आठवड्यात, तर ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत माहिती पुसली जाऊ शकते, असा इशारा माहितीपत्रकात असे. म्हणून खिडकीवर कागदी चिठ्ठी चिकटवायची पद्धत होती. जुन्या संगणकांच्या भंगारात अशी चिप सापडली तर शाळेत जरूर आणून ठेवा.

ईप्रॉममध्ये प्रकाश फक्त पुसतो, आणि तेही सारे एकदम. नव्या उपकरणांत प्रकाश लिहितो, तेही थोडे थोडे करून. शून्य किंवा एक असे दोनच पर्याय न राहता मधल्या अनेक पायऱ्या मिळतात, चेतासंधीच्या जोरासारख्या.

हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील यांग चाय यांच्या गटाने २०१९ साली मॉलिब्डेनम ऑक्साइडचा असा पडदा बनवला. ८ ओळी आणि ८ स्तंभ, म्हणजे एकूण ६४ ठिपके. अतिनील प्रकाशाने प्रत्येक ठिपक्याचा रोध कमी होतो व तसाच राहतो, आणि व्होल्टेज देऊन तो पुसता येतो. अंधुक, ठिपक्याठिपक्यांच्या गोंधळात बुडालेले अक्षर या पडद्यावर पाडले, तर ठळक भाग साठत जातो आणि गोंधळ मागे पडतो. चित्र सुधारण्याचे काम कोणत्याही गणिताशिवाय पडद्यातच होते. त्याच वर्षी मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी काळ्या फॉस्फरसच्या पातळ थरात, हवेतील ऑक्सिजनमुळे पडलेल्या दोषांचा उपयोग करून, एका तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने प्रवाह वाढवता आणि दुसऱ्या तरंगलांबीने कमी करता येतो असे दाखवले. लिहिणेही प्रकाशाने आणि पुसणेही प्रकाशानेच.

आपल्याकडे या क्षेत्राच्या शेजारचे काम बरेच चालू आहे. विजेने रोध बदलणारे व तो लक्षात ठेवणारे घटक, ज्यांना ‘मेमरिस्टर’ म्हणतात, त्यांची कल्पना लिऑन चुआ यांनी १९७१ साली मांडली, आणि २००८ मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम ऑक्साइडमध्ये ती दाखवली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे व त्यांचे सहकारी वेगवेगळ्या ऑक्साइडांपासून असे घटक बनवून अभ्यासत आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईतील सौरभ लोढा, त्यांचे सहकारी कार्तिकेय ठाकर आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील बिपिन राजेंद्रन यांनी २०२३ साली टोळाच्या डोळ्यामागील एका चेतापेशीची नक्कल करणारे मंडल मांडले. हजारोंच्या थव्यात उडताना टोळ एकमेकांवर आदळत नाहीत, कारण समोरून अंगावर येणाऱ्या वस्तूलाच प्रतिसाद देणारी खास पेशी त्यांच्याकडे असते. अणूंच्या काही थरांइतक्या पातळ पदार्थाचा ट्रान्झिस्टर वापरून केलेल्या या मंडलाला, संगणकीय अनुकरणानुसार, अडथळा ओळखायला १०० पिकोज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. वरचा हमालीचा आकडा आठवा. एका आकड्याची ने-आण ६४० पिकोज्यूलची होती. अर्थात हे मंडल प्रकाशाने लिहिलेली स्मृती वापरत नाही. पण अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २०२० साली याच टोळाच्या धर्तीवर मॉलिब्डेनम सल्फाइडचा प्रकाशसंवेदक थेट स्मृतीवर बसवून टक्कर ओळखणारे उपकरण केले गेले. दोन्ही वाटा एकाच दिशेने चालल्या आहेत.

काय साधेल, काय साधणार नाही

वर्तमानपत्रांत अशा शोधांची बातमी येते ती बहुधा ‘मेंदूसारखा संगणक तयार’ अशा मथळ्याखाली. आमचे मत याहून बरेच सावध आहे.

पहिली अडचण प्रकाशाच्या स्वभावातली आहे. प्रकाशाचा ठिपका त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान करता येत नाही. निळ्या प्रकाशासाठी हे सुमारे २०० नॅनोमीटर झाले, आणि आजच्या चिपवरील रचना काही दशक नॅनोमीटरच्या असतात. म्हणजे एकेका ठिपक्यावर वेगळा प्रकाश टाकून विजेच्या स्मृतीइतकी दाट स्मृती बांधता येणार नाही. दुसरी अडचण दोषांची. ज्या दोषांवर सारे अवलंबून, ते मोजूनमापून घालता येत नाहीत. एकाच तबकडीवरचे दोन ठिपके वेगवेगळे वागतात. त्यात ऑक्साइडचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजन आणि दमटपणा यांना दाद देतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या उपकरणावर घेतलेली मोजमापे डिसेंबरातील मोजमापांशी जुळतीलच असे नाही, म्हणून त्यांना हवाबंद आवरण घालावे लागते. तिसरी गोष्ट हिशोबाची. ‘एका घटनेला इतके फेम्टोज्यूल’ असे आकडे छापले जातात, तेव्हा पुष्कळदा त्यात उपकरणातून गेलेली वीज असते, दिव्याची नसते. दिवा आपण पेटवणार असू तर त्याचे बिल कोणी तरी भरायलाच हवे.

पण हा शेवटचा आक्षेप एका ठिकाणी आपोआप गळून पडतो. दिवा जेथे निसर्गानेच लावलेला आहे, तेथे; म्हणजे डोळ्यात. कॅमेऱ्यावर पडणारा प्रकाश फुकट असतो. हिंदमाता चौकावर पाण्याची पातळी पाहण्यासाठी एखादा कॅमेरा लावला आहे असे समजा. वर्षातील बहुतेक तास त्याला कोरडा रस्ता दिसतो, आणि तरीही तो सेकंदाला पंचवीस चित्रे दूरच्या संगणकाकडे पाठवत बसतो. त्याऐवजी प्रत्येक ठिपक्याला स्वतःची थोडी आठवण असेल, तर ‘मघापेक्षा काही बदलले का’ हा प्रश्न ठिपकाच सोडवील, आणि सांगण्यासारखे असेल तेव्हाच बोलेल. येथे आठवण वर्षभर टिकण्याची गरज नाही. काही सेकंद, काही मिनिटे पुरेत. नंतर विसरणेच बरे. जो स्वभाव संगणकाच्या कायम स्मृतीसाठी निरुपयोगी आहे, तोच पाहणाऱ्या यंत्राला हवा आहे. म्हणून या संशोधनाचे पहिले खरे फळ संगणकाच्या पोटात नव्हे, तर कॅमेऱ्याच्या डोळ्यात दिसेल असे आम्हाला वाटते.

आपल्या डोळ्याचा आणखी एक गुण एलडीआरमध्ये थोडाफार आढळतो, आणि तो पाहायला शनिवार-रविवारची सुटी सोयीची आहे. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर प्रथम काही दिसत नाही. डोळा अंधाराला सरावला की मंद उजेडही पुरतो. एकाच जातीचे चार-सहा एलडीआर घ्या, त्यांना क्रमांक द्या आणि एकाच मंद दिव्याखाली प्रत्येकाचा रोध मोजून ठेवा. शुक्रवारी शाळा सुटताना त्यांतील निम्मे काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा आणि निम्मे एखाद्या चालू दिव्याखाली. सोमवारी सकाळी सर्व पुन्हा त्याच मंद दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावर मोजा. अंधारात राहिलेल्यांचा रोध उजेडात राहिलेल्यांपेक्षा कमी, म्हणजे संवेदनक्षमता अधिक भरायला हवी. उत्पादक या परिणामाला प्रकाश-इतिहासाचा परिणाम म्हणतात. मोजणी भराभर उरकावी, कारण मोजण्यासाठी लावलेला दिवाही त्या इतिहासात भर घालत असतो.